चला, घराक जावया

लग्न ठरलं तेव्हा पुण्याच्या माझ्या मैत्रिणींनी एकच प्रश्न विचारला होता, "मुलगा पसंत पडला की गाव?" प्रश्न काही वावगा नव्हता. मी सामाजिक मानवशास्त्र शिकलेली. दोन वर्षं वर्गात बसून आम्ही कुठल्या कुठल्या बेटांवरच्या माणसांच्या चालीरीती वाचल्या. ती कुणाला जेवायला बोलावतात, कुणाशी सोयरीक करतात, मेलेल्यांशी काय बोलतात, सगळं घोकून पाठ केलं. आणि शिक्षण संपवून फोंडाघाटात माहेरी येते न येते तोच सांगून आलेलं स्थळ निघालं मालवणजवळच्या, गावपळण पाळणाऱ्या गावातलं. खोटं कशाला बोलू? मुलगा ठीक होता. गावाचं नाव ऐकलं आणि मी हो म्हटलं. हे नवऱ्याला ठाऊक आहे आणि भांडण झालं की तो ते काढतोच.

गावपळण म्हणजे काय ते आधी सांगते. दर काही वर्षांनी, देवदिवाळी झाली की आमच्या गावचे मानकरी ग्रामदेवाला कौल लावतात, म्हणजे देवाच्या अंगावर फुलाची कळी चिकटवून तो काय म्हणतो ते बघतात. कळी उजवीकडून पडली की देव हो म्हणाला. मग दिवस ठरतो, आणि त्या दिवशी दुपारी देवळातला ढोल वाजला की आख्खा गाव घरं सोडून निघतो. आख्खा म्हणजे आख्खा. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे. वेशीच्या आत एकही जीव राहता कामा नये. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे, शेजारच्या गावच्या हद्दीत, झावळांच्या राहुट्या उभारून तीन रात्री काढायच्या. मग देवाला पुन्हा विचारायचं, येऊ का? हो म्हणाला तर परत. नाही म्हणाला तर अजून एक रात्र बाहेर. तेवढ्या दिवसांत गावात कधी चोरी झाल्याचं कुणाला आठवत नाही. होणार कशी? चोरसुद्धा आमच्याबरोबर बाहेरच असतो.

हे कशासाठी, असं मी लग्न होऊन आल्या आल्या सगळ्यांना विचारत सुटले होते. नवी सून हळदीचे हात घेऊन घरोघर मुलाखती घेत फिरते, याचं गावाला भारी कौतुक वाटलं. कुणी म्हणालं, त्या रात्री गाव देवाच्या गणांना मोकळा सोडायचा असतो. कुणी म्हणालं, पूर्वी पटकीची साथ यायची, तेव्हापासूनची ही हवापालट. सर्वांत सरळ उत्तर माझ्या सासूबाईंनी दिलं. विळीवर नारळ खवता खवता, वर न बघता त्या म्हणाल्या, "मजा येता म्हणान."

पण मला सांगायची आहे ती बाबांची गोष्ट. बाबा म्हणजे माझे सासरे. गावातल्या हायस्कुलात त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे गावाचे ते गुरुजी. त्यांना राजेरजवाड्यांत फारसा रस नव्हता. गटारांत होता. मोहेंजोदडोची झाकलेली गटारं फळ्यावर काढताना त्यांचा आवाज असा काही चढायचा, की बाजूच्या वर्गातली गणिताची मुलं खिडकीशी येऊन उभी राहायची. "संस्कृती ओळखायची असेल तर तिचं सांडपाणी कुठे जातं ते बघा," हे वाक्य गावातल्या तीन पिढ्यांना पाठ आहे. माझ्या लग्नाच्या बोलणीला ते फोंडाघाटात आले, तेव्हा आमच्या घरात शिरण्याआधी घराला मागून एक चक्कर मारून आले होते. आमची मोरी त्यांना पसंत पडली. मग बोलणी सुरू झाली.

आणखी एक गोष्ट ते दर वर्षी करायचे. सिंधू संस्कृतीचा धडा संपत आला की पुस्तकात वाक्य यायचं, 'पुढे लोक शहर सोडून गेले.' तिथे ते पुस्तक मिटायचे आणि विचारायचे, "गेले, म्हणजे कुठे गेले?" मुलं कौलांकडे बघायची. "मेले नाहीत ते. उठून गेले. कुठेतरी जाऊन चूल मांडली असणार. शोधा!" आणि घंटा व्हायची. माझा नवरा सांगतो, तो आणि त्याचे मित्र त्या संध्याकाळी खरंच शोधायला गेले होते. व्हाळापर्यंत.

गेल्या काही वर्षांत बाबांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते, मग माणसं. सकाळी ते अगदी ठीक असायचे. खळ्यातली, म्हणजे अंगणातली, पानं गोळा करायचे, माडांना आळी करायचे, घर त्यांचं असायचं. ऊन उतरलं की मात्र काहीतरी निसटायचं. स्वतः बांधलेल्या घराच्या पडवीत, स्वतःच्या बाकड्यावर बसून ते धोतराचा सोगा आवरायचे आणि आईंना म्हणायचे, "चला, घराक जावया. उशीर झालो." माझ्या सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांना मात्र ते रोज, न चुकता ओळखायचे. घर तेवढं ओळखायचे नाहीत.

सुरुवातीला आम्ही समजावत बसायचो. नवरा त्यांना भिंतीवरचा फोटो दाखवायचा, विजेचं मीटर दाखवायचा. "बाबा, ह्याच आपला घर." की बाबा भडकायचे. "माका वेड्यात काढतंस? माका माजा घर ठावक नाय?" मग डोळ्यांत पाणी. मग नवऱ्याच्याही. शेवटी आम्ही त्यांना रिक्षात बसवून एसटी स्टँडपर्यंत न्यायचो आणि तशीच वळवून परत आणायचो. कधी जमायचं, कधी नाही. रिक्षावाला तोंडभरून हसायचा आणि म्हणायचा, "गुरुजी, इला तुमचा घर." खरं तर रिक्षावाल्यावरच त्यांचा विश्वास जास्त होता.

अशात गावपळणीचा कौल मिळाला.

कुडाळच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जागा बदलू नका. आत्ता जेवढं घर ओळखतात तेवढंही जाईल, आणि गेलं की परत येत नाही. नवऱ्याने ठरवूनच टाकलं की बाबांना कसालला नणंदेकडे पाठवायचं. मी म्हटलं, कसाल म्हणजे पण जागाच बदलली ना? तिथे तर माणसंही बदलतील. इथे निदान माणसं तीच. तो म्हणाला, राहुटीत, माळावर, या वयात? मी म्हटलं, तू जावयाच्या घरी राहशील या वयात? मग काय, जुंपली. लग्नाचं, मैत्रिणींच्या प्रश्नाचं, सगळं निघालं.

आई कुळीथ निवडत बसल्या होत्या. आमचं दमून संपलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गाव जाता, तर माजो घोव पण जाता."

"आणि आई, ती सकाळची ओळख पण गेली तर?" नवऱ्याने विचारलं.

आईंचा हात सुपात थांबला. "गेली तर माजी गेली. तू रडा नको." आणि पुन्हा कुळीथ.

मी मोठ्या तोंडाने भांडले खरी, पण त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी खळं झाडताना बाबा मला हाक मारून दव पडलंय का ते दाखवायचे. तीन रात्रींच्या मजेपायी मी त्यांच्या बायकोची सकाळ पणाला लावायला निघाले होते. मला भीती वाटत होती. आणि त्याच वेळी मनात उकळ्याही फुटत होत्या, हेही खरं.

निघायचा दिवस म्हणजे नुसता गोंधळ. छोट्या टेम्पोत गॅस, मिक्सर, गाद्या, त्यावर बोकड, बोकडाच्या शेजारी आमची मांजर पोत्यात, तोंड बाहेर, बोकडाकडे पाहून गुरगुरत. कोंबड्या पकडायला आईंनी पहाटेपासून मोर्चा लावला होता. एक कोंबी अंड्यांवर बसलेली, ती उठेना. तिला अंड्यांसकट, पेंढ्यासकट टोपलीत घालून माझ्या मांडीवर दिलं. वाटभर ती मला चोचीने समजावत होती. आई स्वतः हातात फक्त विरजणाचं भांडं घेऊन निघाल्या. मी त्यांना म्हटलं, "आई, विरजणातपण जीव असतो हां. शास्त्राप्रमाणे तेपण न्यायलाच हवं." त्या म्हणाल्या, "शास्त्र जळांदे. उद्या कढी कशाची करतलंस?"

खरी पंचाईत शेजारच्या काकांची झाली. मालवणला त्यांचं दुकान आहे आणि घरात काचेच्या पेटीत रंगीत मासे आहेत. समुद्राकाठी राहून मासे पाळणारा माणूस, त्यामुळे गाव त्यांना आधीच छळतो. "काका, ते बगूक की तळूक?" आता प्रश्न असा, की हे मासे जीवात धरायचे का? काका म्हणाले, पाण्यातले आहेत, गावाच्या जमिनीला लागत नाहीत. प्रकरण मानकऱ्यांपर्यंत गेलं. मानकऱ्यांनी पेटीत वाकून बघितलं, एका माशाने त्यांच्याकडे बघितलं. "जीव आसा मा? मगे जाऊक होयो." झालं. काका रिक्षात मागे बसले, पेटी मांडीवर. रिक्षा प्रत्येक खड्ड्यात आदळायची आणि काकांचं धोतर भिजायचं. व्हाळाजवळ पोहोचले तेव्हा कमरेखाली चिंब ओले, आणि मासे मात्र ताजेतवाने.

ढोल वाजला. बाबा आमच्याबरोबर चालत निघाले. एका हातात काठी, दुसरा हात आईंच्या हातात. आजूबाजूने सगळा गाव चालतोय, गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजतायत, स्पीकरवर भजन लागलंय. बाबांनी चहूकडे नजर टाकली आणि अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "लोक शहर सोडून जात आहेत." पुढे चालणारी पोटं सुटलेली दोन माणसं एकदम वळली. त्यांचे जुने विद्यार्थी. "आणि खंय जातत, गुरुजी?" "शोधा!" बाबा म्हणाले, आणि अख्खी वाट हसायला लागली.

काजूच्या बागेला लागून आमची राहुटी होती. संध्याकाळ झाली, चुली पेटल्या, धूर आमच्या राहुटीतून तुमच्या राहुटीत जाऊ लागला. मी बाबांवर डोळा ठेवून होते. ऊन उतरलं, आणि त्यांनी सोगा आवरला.

"चला, घराक जावया. उशीर झालो."

नवऱ्याने भात ढवळायचा पळा तसाच धरून ठेवला. मी रिक्षावाला कुठे दिसतो का ते बघायला लागले. पण आमच्याआधी बाजूच्या राहुटीतून उत्तर आलं, "जाऊचाच आसा, गुरुजी! कोणाक रवाचा आसा हयसर?" पलीकडून एक बाई ओरडली, "माका पण जाऊचा आसा! ह्ये गादी इसरले!" तिचा नवरा ओरडला, "तू सांगूक नाय!" मग काका म्हणाले, "माज्या माशांका पण घराक जाऊचा आसा." आणि मग आख्ख्या माळावर ते सुरूच झालं. राहुटीराहुटीतून, "घराक जावया! घराक जावया!" पोरं नाचायला लागली. कुणीतरी ताट बडवायला सुरुवात केली.

बाबा चकित होऊन उभे होते. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ते म्हणत होते ते खरं होतं. आम्ही खरंच घरी नव्हतो, खरंच जायचं होतं, आणि एकाही माणसाने त्यांना मीटर दाखवलं नव्हतं. त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मी पदर डोळ्यांना लावला आणि धुरावर ढकललं. "कधी जाऊचा?" त्यांनी विचारलं. "कौल मिळांदे, मगे," बाजूचा म्हणाला. "हां, मगे बरोबर," म्हणून बाबा खाली बसले आणि दोन वाढी भात जेवले.

दुसऱ्या दिवशी ते काठी घेऊन वसाहत बघायला निघाले. मी मागोमाग. चुली बघितल्या, पाण्याच्या टाक्या आणि पिंपं बघितली, प्रत्येक राहुटीच्या मागे डोकावले, आणि मधोमध उभं राहून त्यांनी शाळेतली मराठी काढली. "वस्ती आहे. चुली आहेत. पाणी आहे. सांडपाणी कुठे जातं?" सगळे आपापल्या राहुटीमागे बघायला लागले. "लाज वाटली पाहिजे! हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाला कळत होतं!"

आणि मी काय पाहावं? पन्नाशीचे बाप्ये, कुणी दुकानदार, कुणी बागायतदार, मुकाट्याने कुदळी घेऊन आले. बाबा काठीने रेघ मारत पुढे, हे मागे खणत. दोन राहुट्यांच्या मधून, काजूला वळसा घालून, अस्सल गटार तयार झालं. वर झाकायला पोफळीच्या विऱ्या, म्हणजे तिच्या पानांचे रुंद देठ. बाबांनी उद्‌घाटनाला एक तांब्या ओतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या बायकांनी एकदमच सकाळची भांडी घासायला काढली आणि पेजेचं पाणी, माशांचं पाणी, साबणाचं पाणी झुळझुळ वाहत थेट सरपंचांच्या राहुटीत शिरलं. सरपंच आत पाट मांडून दाढी करत होते.

ते अर्ध्या फेसासह बाहेर आले. "गुरुजी, ह्या काय?"

बाबांनी गटाराकडे बघितलं, उताराकडे बघितलं, मग सरपंचांकडे. सरपंचही त्यांचेच विद्यार्थी, आणि अभ्यासात जेमतेम. "चूक गटाराची नाही. घर चुकीच्या जागी आहे," बाबा म्हणाले. "हलवा."

सरपंचांनी तोंड धुतलं आणि राहुटी हलवली. दिवसभर जो येईल तो नव्या जागी जाऊन विचारत होता, "सरपंचानू, वॉर्ड बदललास?"

त्याच दुपारी पुण्याहून एक संशोधक मुलगी आली. माझ्याच विषयातली, पाठीवर सॅक, हातात रेकॉर्डर. तिला कुणीतरी सांगितलं, गुरुजींना विचार. तिने फार अदबीने विचारलं, "आजोबा, ही प्रथा कशातून सुरू झाली असेल असं तुम्हाला वाटतं?" बाबांनी तिला नीट न्याहाळलं.

"उभी राहा."

ती उभी राहिली.

"मेसोपोटेमियाच्या दोन नद्या?"

"तैग्रिस..." ती म्हणाली, "आणि... आणि..."

"बस खाली. उद्या आईला घेऊन शाळेत ये."

बिचारी अशी कावरीबावरी झाली, की मीच तिला युफ्रेटिस सांगितलं. पण पोरगी गमतीची निघाली. दुसऱ्या दिवशी खरंच तिने आपल्या आईला फोनवर व्हिडिओतून बाबांच्या पुढ्यात आणून उभं केलं. बाबांनी फोनला नमस्कार केला. "मुलगी हुशार आहे," ते म्हणाले, "अभ्यास कमी पडतो." तिकडून आई म्हणाली, "मी तेच सांगते, सर!"

मग ती माझ्याकडे वळली. मला काय, इतक्या वर्षांनी कुणी शास्त्र विचारणारं भेटलं होतं. मी तिला उंबरठ्याची कल्पना सांगितली, ना आत ना बाहेर अशा जागी आलं की माणसांची पदं कशी गळून पडतात, सरपंच कसा पुन्हा विद्यार्थी होतो ते सांगितलं. हात हलवून हलवून सांगितलं. आई बाजूला बांगडे साफ करत होत्या. त्या म्हणाल्या, "ता सगळा लिव. आणि खाली लिव, मजा येता म्हणान." आणि संध्याकाळी त्या फुगडी खेळल्या. सत्तरी उलटलेली माझी सासू, सरपंचांच्या बायकोबरोबर, केस सुटेपर्यंत. बाबा टाळ्या वाजवत होते आणि शेजाऱ्याला विचारत होते, "कोण ती बायल? बरी खेळता." शेजारी म्हणाला, "तुमचीच, गुरुजी." बाबा लाजले. अगदी कानापर्यंत लाल झाले.

मी मात्र ते ऐकून हबकले. आईंना ते आजवर कधी विसरले नव्हते. डॉक्टर बरोबर होते की काय? आईंच्या कानावर गेलं नाही, किंवा गेलं आणि त्यांनी दाखवलं नाही. त्या अजून एक फुगडी घालायला गेल्या.

चौथ्या दिवशी मानकरी कौल घ्यायला आत गेले. आम्ही सामान बांधून वेशीकडे डोळे लावून बसलो. ते परतले ते मान हलवत. "डावो इलो." म्हणजे अजून एक रात्र. माळावरून एक मोठा सुस्कारा निघाला, आणि त्याच्या मागोमाग एक मोठं हुर्रे. तांदूळ संपत आले होते, कोंबडे तर कधीच संपले होते, तरी हुर्रे. मालवणहून मासे घेऊन येणारीला फोन गेला.

त्या संध्याकाळी बाबांनी सोगा आवरला. "चला, घराक जावया."

"आज कौल मिळाक नाय," आई म्हणाल्या. "आजची रात हयसरच."

"देव नाय म्हणता?"

"नाय म्हणता."

"बरा," बाबा म्हणाले. "मगे जेवया." ना राग, ना डोळ्यांत पाणी. आई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी त्यांच्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच उजवा कौल मिळाला. परतीची मिरवणूक जातानापेक्षा दुप्पट आवाजी. माझ्या टोपलीतली कोंबी आता नुसती नव्हती, तिच्या पोटाखाली पिल्लं चिवचिवत होती. गावपळणीत जन्मलेली पिल्लं, ज्यांनी अजून आपलं गाव पाहिलंच नव्हतं. काकांनी या वेळी लुंगी वर खोचून घेतली होती. पोरं उगाचच घराघरात शिरून "गाव भरलो!" म्हणून ओरडत होती.

मी हसत होते, पण माझं लक्ष बाबांच्या चेहऱ्यावर होतं. सकाळची वेळ होती. बाबांची चांगली वेळ. आता ओळखलं नाही तर कधीच नाही.

आम्ही खळ्यात शिरलो. ओसाड दिसत होतं. सगळीकडे माडाची पानं पडलेली, तुळशीपाशी घुशीने मातीचा ढीग काढलेला, दारावर चौकटीच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत कोळ्याने जाळं विणलेलं. एवढ्याशा दिवसांत घर इतकं जुनं दिसायला लागतं हे मला माहीत नव्हतं. नवरा पुढे होऊन जाळं काढणार, तेवढ्यात बाबांनी काठी आडवी धरली. "हात लावू नकोस."

ते हळूहळू फिरले. चौथऱ्यावरून हात फिरवला. खळ्याच्या कडेने सिमेंटचं छोटं गटार आहे, मोरीपासून माडांपर्यंत जाणारं. ते बाबांनीच बांधलं, घर बांधलं तेव्हा, गवंड्याला बाजूला सारून. त्याच्यापाशी ते वाकले, बोटाने त्यातली माती खरवडली, आणि बराच वेळ बघत राहिले.

"हयसर माणसां रवत होती," ते म्हणाले.

नवऱ्याने तोंड फिरवलं. माझ्या हातातली टोपली मी खाली ठेवली. गेलं. सकाळही गेली. मीच घालवली.

"शाणी माणसां होती," बाबा पुढे म्हणाले. "गटार बग. उतार कसो बरोबर आसा." मग मान वर करून त्यांनी विचारलं, अगदी धड्याच्या शेवटी विचारायचे तसं, "गेली खंय?"

आई विरजणाचं भांडं घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"खंय जातली? व्हाळापलीकडे गेली होती. थंय चूल मांडल्यांनी."

"मगे?"

"मगे परत इली."

बाबांनी विचार केला. "कौल घेतल्यांनी?"

"घेतल्यांनी. उजवो इलो."

"उजवो इलो?" त्यांनी आईंकडे नीट बघितलं. मग एकदम चिडून म्हणाले, "मगे अशी भायर कित्याक उभी रवलंस? चल भितर." आणि काठीने जाळं बाजूला करून, आईंचा हात धरून, आपल्या घरात गेले.

याला आता बरेच महिने झाले. बाबा बरे झाले असं मी सांगणार नाही. काही सकाळी ते खळं झाडतात, काही सकाळी पाहुण्यासारखे चहाची वाट बघत बसतात. पण संध्याकाळचं भांडण आमच्या घरातून गेलं. आता सोगा आवरला गेला की आई उठतात, जास्वंदीची एक कळी तोडतात आणि देव्हाऱ्यातल्या देवाला चिकटवतात. घरातले सगळे थांबून बघतात. उजवी पडली तर बाबांना हात धरून खळ्यातून एक चक्कर मारवून दारातून आत आणायचं, "इलंव घराक." डावी पडली तर आजची रात्र इथेच. आई कळी कधी कधी मुद्दाम कलती लावतात. बाहेर पाऊस असेल तेव्हा तर ती डावीच पडते. देवाला चालतं.

परवा पावसाची भुरभुर होती. कळी डावी पडली. "बरा," बाबा म्हणाले, "जेवणाक काय आसा?" बांगडे आहेत असं आई आतून ओरडल्या. मी पडवीत येऊन उभी होते. बाबांनी मला बघितलं, ओळखलं नाही, आणि बाकड्यावर सरकून जागा दिली.

"बस गो चेडवा. तुजा घर खंय?"

मी बसले. "हयसरच, ह्याच गावात," मी म्हटलं. "माका पण अजून कौल मिळाक नाय."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मिळतलो," ते म्हणाले.